शेवटचा शब्द कॅप्टनचा, पहिली नोटीसही

न्यूयॉर्कहून दिल्लीला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानात २६ नोव्हेंबर २०२२ रोजी एका दारू प्यायलेल्या प्रवाशाने वृद्ध सहप्रवासी महिलेवर लघवी केल्याची तक्रार झाली. जानेवारीत बातमी फुटली आणि देशभर संताप उसळला. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, कंपनीला ३० लाख रुपये दंड केला. इथवर सगळ्यांना आठवतं. त्याच आदेशात विमानाच्या कॅप्टनचा परवानाही तीन महिन्यांसाठी निलंबित झाला, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात नाही.

माझ्या वर्गात हा किस्सा निघाला की सगळी पोरं एका सुरात कॅप्टनच्या बाजूने उभी राहतात. "मॅडम, तो तर कॉकपिटमध्ये होता! दार बंद. मागे कोण काय करतंय ते त्याला कसं दिसणार?" मग मी फळ्यावर एकच आकडा लिहिते: १४१.

मी पायलट नाही. वकील आहे. बरीच वर्षं शिवाजीनगर कोर्टात मोटार अपघातांचे दावे चालवले, आता पुण्यात 'एअर रेग्युलेशन्स' शिकवते. कमर्शियल पायलटच्या परवान्यासाठी दोनशे तास उड्डाण लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण लेखी परीक्षेत कायद्याचाही पेपर असतो आणि त्यात सत्तर टक्के पडल्याशिवाय पास करत नाहीत, हे घरच्यांना फी भरताना कळतं. हा विषय मुलांना रटाळ वाटतो. हवामानशास्त्रात ढग तरी असतात.

तर १४१. एअरक्राफ्ट रूल्स, १९३७ मधला हा नियम 'पायलट-इन-कमांड'ची कर्तव्यं सांगतो. विमान नीट चालवणं आणि सुरक्षित ठेवणं ही जबाबदारी त्याची, हे उघडच आहे. पण नियम तिथे थांबत नाही. प्रवाशांची आणि मालाची सुरक्षितता, कर्मचाऱ्यांची सुरक्षितता आणि विमानातली शिस्त हेही त्याच्याच डोक्यावर. मागे गोंधळ झाला, केबिन क्रूने कळवलं, तर पुढे काय करायचं हे कॅप्टनने ठरवायचं आणि उतरल्यावर ते कागदावरही आणायचं. 'मी बघितलं नाही' हे उत्तर या नियमात बसत नाही. डीजीसीएने त्या कॅप्टनवर हाच नियम लावला. वैमानिकांच्या संघटनांना ही शिक्षा अन्यायाची वाटली. मलाही ती जरा जड हाताने दिलेली वाटते. तरी ती कायद्याबाहेरची होती, असं मी म्हणणार नाही.

ज्या कायद्याखाली हे नियम बनले तो १९३४ चा एअरक्राफ्ट अ‍ॅक्ट नव्वद वर्षं चालला. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला. त्याने जुन्या नियमांना धक्का लावला नाही, म्हणून माझ्या फळ्यावरचा आकडाही बदलला नाही. नियमांच्या खालच्या पायरीवर डीजीसीएच्या 'सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स' असतात, ज्यांना सगळे 'सीएआर' म्हणतात. पायलटचा रोजचा संबंध येतो तो यांच्याशी.

जबाबदारी एवढी टाकायची तर अधिकारही तसाच द्यावा लागतो, आणि कायद्याने तो दिला आहे. आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे विमानाचं काय करायचं याचा अंतिम निर्णय पायलट-इन-कमांडचा. कंट्रोल्स प्रत्यक्ष त्याच्या हातात असोत वा नसोत. सुरक्षिततेसाठी अगदीच गरज पडली तर तो नियमसुद्धा मोडू शकतो. १९६३ च्या टोकियो कराराने त्याला दंगेखोर प्रवाशाला बांधून ठेवण्याचा, वाटेत उतरवण्याचा, पोलिसांच्या हवाली करण्याचा अधिकार दिला, आणि हे रीतसर केल्याबद्दल त्याच्यावर दावा चालू नये अशी तजवीजही केली. आपल्याकडे त्यासाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे.

बेशिस्त प्रवाशांवरचा सीएआर २०१७ मध्ये कडक झाला. एका खासदाराने विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारल्याचं प्रकरण तेव्हा ताजं होतं, आणि खासदार आपल्या महाराष्ट्रातलेच होते. शिवीगाळ असेल तर तीन महिन्यांपर्यंत, अंगाला हात लावला तर सहा महिन्यांपर्यंत, जिवावर बेतेल असं काही केलं तर किमान दोन वर्षं प्रवासबंदी. पण कंपनीने परस्पर ठरवायचं नाही. आधी पायलट-इन-कमांडची तक्रार, मग निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालची समिती, आणि तीस दिवसांत निकाल.

जानेवारी २०२० मध्ये मुंबई-लखनौ विमानात विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी एका वृत्तनिवेदकाला प्रश्न विचारून हैराण केलं, त्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. इंडिगोने लगेच सहा महिन्यांची बंदी घातली. त्या उड्डाणाच्या कॅप्टनने कंपनीला लिहून विचारलं की समाजमाध्यमांवरच्या मजकुरावर कारवाई केलीत, मला का विचारलं नाहीत? त्यांच्या मते वागणं अप्रिय होतं, पण पहिल्या, म्हणजे शिवीगाळीच्या, पातळीतही बसणारं नव्हतं. बंदी पुढे तीन महिन्यांवर आली. ते पत्र मी वर्गात वाचायला लावते. कामरांची बाजू घ्यायला नव्हे. आपला अधिकार कुणी परस्पर वापरला तर त्याची लेखी नोंद करणं हाही कॅप्टनच्या कामाचा भाग आहे, हे मुलांना दिसावं म्हणून.

पायलटच्या दारूबद्दल कायदा सरळसोट आहे, म्हणून थोडक्यात. उड्डाणाआधी बारा तास दारू नाही आणि ब्रेथ अ‍ॅनलायझरवर शून्य म्हणजे शून्य. पहिल्यांदा सापडलं तर तीन महिने परवाना निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा परवाना रद्द. २०१८ मध्ये एअर इंडियाच्या उड्डाण विभागाचे प्रमुखच दिल्ली-लंडन उड्डाणाआधी अडकले. ती त्यांची दुसरी वेळ होती, परवाना तीन वर्षांसाठी गेला. २०२३ पासून अल्कोहोल असलेला माउथवॉशही चालत नाही. माझी त्यात घरगुती भर अशी की आजीने दिलेलं द्राक्षासवही घ्यायचं नाही. आसव-अरिष्टांत अल्कोहोल असतं, आणि यंत्राला आजीची माया कळत नाही.

थकव्याचं असं नाही, तो मोजायला यंत्र नाही. थकलेल्या पायलटने उडू नये आणि कंपनीने त्याला उडवू नये, असं नियम दोघांना सांगतात. तासांना मर्यादाही आहेत. सुधारित नियमांनी आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीची लँडिंग्ज सहावरून दोनवर आणली. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं धडाधड रद्द झाली, कारण नव्या नियमांत बसवायला पायलट पुरेनात. विमानतळांवर लोक बॅगांवर झोपले. सरकारने काय केलं, तर कंपनीला त्या नियमांतून तात्पुरती सूट दिली. दारूच्या नियमातून अशी सूट कुणी मागितली असती का? थकवा हा अजूनही आपल्याकडे सोयीचा प्रश्न मानला जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

अपघात झाला की काय होतं? मोटार अपघातांच्या दाव्यांत मी पाहिलंय, पंचनाम्याची शाई वाळायच्या आत ड्रायव्हर दोषी ठरलेला असतो. विमानांच्या बाबतीत कायद्याने वेगवेगळ्या वाटा मुद्दाम आखल्या आहेत. जाणूनबुजून धोका होईल असं विमान चालवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचं कलम सर्वांना आहे तसं पायलटलाही आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासातली भरपाई माँट्रिअल करारानुसार विमान कंपनी देते, त्यासाठी पायलटच्या घरावर जप्ती येत नाही. आणि एएआयबी, म्हणजे अपघात अन्वेषण ब्युरो, कारण शोधतो. दोष वाटणं हा तपासाचा हेतू नाही, असं त्याच्या नियमांतच लिहिलं आहे.

१२ जून २०२५ ला अहमदाबादला एआय १७१ पडलं, २६० माणसं गेली. महिन्याने प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांच्या इंधनाचे स्विच 'रन'वरून 'कटऑफ'वर गेल्याची नोंद त्यात होती. ते का गेले, हे नव्हतं. ती रिकामी जागा वाहिन्यांनी त्याच रात्री भरून टाकली. मुंबईत राहणाऱ्या कॅप्टनच्या नव्वदी ओलांडलेल्या वडिलांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्तींनी त्यांना सांगितलं की तुमच्या मुलाला कुणी दोषी धरू शकत नाही, हे ओझं मनावर बाळगू नका. कायदा वेगळं काही सांगत नव्हता. तरी ते ऐकायला एका वृद्ध बापाला दिल्ली गाठावी लागली.

आता ज्या भागावर मी सगळ्यात जास्त तास घालवते, तो. मंगळूर, २२ मे २०१०. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टीच्या टोकावरून दरीत गेलं, १६६ पैकी १५८ जण दगावले. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. कॅप्टन बराच वेळ झोपलेला होता, त्याचं घोरणं कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात आहे. विमान फार उंचावरून उतरत होतं. को-पायलटने तीनदा 'गो-अराउंड' सांगितलं, म्हणजे उतरू नका, परत वर घ्या. यंत्रही इशारे देत होतं. कॅप्टनने विमान उतरवलंच.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२०, कोझिकोड. पुन्हा दुबईहून आलेलं विमान, पुन्हा टेकडीवरची धावपट्टी, त्यात पाऊस. कॅप्टन दीपक साठे म्हणजे हवाई दलातून आलेला मानाचा वैमानिक. पहिला प्रयत्न सोडून त्यांनी दुसऱ्या दिशेने उतरायचं ठरवलं, वारा मागून असताना. विमान जवळजवळ अर्धी धावपट्टी ओलांडून टेकलं. दोन्ही पायलटांसह एकवीस जण गेले. अहवालाने एक गोष्ट नोंदवली, जी बातम्यांत फारशी आली नाही: कोझिकोडला कॅप्टन पुरेसे नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण साठ्यांच्याच नावावर होतं. दुसरीकडे उतरलं असतं तर ते बोंबललं असतं. हे रोस्टर साठ्यांनी लिहिलेलं नव्हतं.

पण मुलांना मी थांबवते ती कोझिकोडच्या अहवालातल्या संभाव्य कारणाच्या वाक्यावर. त्यात कॅप्टनची चूक आहे: 'गो-अराउंड'ची हाक येऊनही विमान उतरवलं. आणि त्याच वाक्यात को-पायलटचीही आहे: ताबा घेऊन गो-अराउंड केला नाही. हाक दिली होती, तेवढं पुरलं नाही. नियम १४१ म्हणतो की हुकूम कॅप्टनचा. अहवाल म्हणतो की तो चुकत असेल तर शेजारच्याने कंट्रोल्स घ्यायला हवे होते. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पहिल्या नोकरीला लागलेल्या पोराने हजारो तासांच्या माणसाच्या हातातून विमान काढून घ्यायचं, जमिनीपासून शंभर फुटांवर, दोन-तीन सेकंदांत!

लातूरच्या एका मुलीने विचारलं, "आणि मी घेतलं, आणि नंतर सिद्ध झालं की सरांचंच बरोबर होतं, तर?" नियमाच्या पुस्तकात याचं थेट उत्तर मिळत नाही. ते कंपनीच्या ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये शोधावं लागतं: कोणत्या उंचीपर्यंत वेग आणि उतरण्याचा दर ठरल्याप्रमाणे असला पाहिजे, किती हाकांना उत्तर आलं नाही तर ताबा घ्यायचा, गो-अराउंडबद्दल जाब विचारणार नाही असं कंपनीने लिहून दिलंय का. म्हणून नेमणूकपत्र हातात आलं की पगाराच्या पानाआधी हे पान उघडा, असं मी तिला सांगितलं. तिने ते वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, हे परीक्षेत येतं का. येत नाही.