हिरवं जंगल म्हणजे वाघासाठी तयार जंगल नव्हे

नोव्हेंबर २०२५मध्ये ताडोबातली एक तरुण वाघीण सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, चांदोलीच्या जंगलात आणली गेली. ताडोबा आणि पेंचमधून एकूण आठ वाघ आणायला केंद्राची परवानगी आहे. ‘एवढं मोठं जंगल रिकामं आहे, सोडा की वाघ!’ असं आता सर्रास ऐकू येतं. पण जंगलाची तयारी कशी जोखायची, याबद्दलचे आपले समज बरेच कच्चे आहेत.

गैरसमज : जंगल दाट असलं की वाघ राहतो.

वाघाला सांबर, गवा, रानडुक्कर हवं आणि त्यांना चारा हवा. एक प्रौढ वाघ वर्षाला साधारण पन्नास मोठे प्राणी मारतो. भक्ष्याची संख्या टिकायची, तर त्यातला दहावा हिस्साच वर्षाला खाल्ला जायला हवा. म्हणजे एका वाघामागे सुमारे पाचशे प्राणी, आठ वाघांमागे चार हजार. दाट सदाहरित रानात जमिनीपर्यंत ऊन पोचत नाही, त्यामुळे गवतही फारसं उगवत नाही. चांदोलीत सांबर आणि गव्यांना चरायला कुरणं मिळतात ती मुख्यतः उठलेल्या गावांच्या जुन्या शेतांत. ती शेतं सोडून गेलेली कुटुंबं आज पुनर्वसन वसाहतींत राहतात. वाघाच्या परतीचं कौतुक करताना त्यांना विसरणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून आधी प्राणी मोजावे लागतात. ठरलेल्या रेषेवरून पहाटे चालत दिसतील तेवढ्या प्राण्यांची नोंद करायची, शिवाय कॅमेरा ट्रॅप लावायचे. कमी पडलं तर भर घालायची. सह्याद्रीसाठी सागरेश्वर अभयारण्यातून चितळ आणले गेले, ते याचसाठी.

गैरसमज : कॅमेऱ्यात वाघ दिसला, म्हणजे सगळं ठीक आहे.

सह्याद्रीत दक्षिणेकडून आलेले नर वाघ टिपले गेले आहेत. पण नर शेकडो किलोमीटर भटकतो, मादी सहसा आईच्या मुलखाजवळच ठाण मांडते. मादी नसेल, तर तिथं वाघांचा वंश वाढत नाही. म्हणून तर वाघिणी आणाव्या लागतात.

गैरसमज : माणसांचा प्रश्न नंतर पाहता येईल.

याचं उत्तर ओडिशातल्या सातकोसियानं दिलं आहे. २०१८मध्ये मध्य प्रदेशातून तिथं एक वाघ आणि एक वाघीण नेली. आंतरराज्य स्थलांतराचा देशातला हा पहिलाच प्रयोग होता. काही महिन्यांतच वाघ मेला. त्याच्या मानेला फासाची जखम होती. दोन माणसांच्या मृत्यूचा ठपका वाघिणीवर आला, गावकरी संतापले. तिला पिंजऱ्यात ठेवावं लागलं आणि २०२१मध्ये मध्य प्रदेशात परत पाठवावं लागलं. पुनर्स्थापनेबाबतच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा पहिलाच आग्रह असा असतो : प्राणी ज्या कारणानं नाहीसा झाला, ते कारण दूर झालंय का, ते आधी पाहा. फासे तसेच आणि गावं नाराज, अशा ठिकाणी वाघ सोडणं म्हणजे त्याचा आणि माणसांचा जीव धोक्यात घालणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाघ सोडला की काम संपलं, असंही नाही. मध्य प्रदेशातल्या पन्ना इथं २००९मध्ये एकही वाघ उरला नव्हता. त्याच वर्षी पेंचहून आणलेला नर थेट दक्षिणेकडे आपल्या जुन्या मुलखाच्या दिशेनं निघाला. वनकर्मचाऱ्यांनी अनेक दिवस माग काढत त्याला परत आणलं. पुढच्या वर्षी पन्नात पिल्लं जन्मली आणि आज तिथं पन्नासहून अधिक वाघ आहेत. असा माग काढणारी माणसं, कॉलर, गाड्या आणि रात्रीची गस्त हेही जंगलाच्या तयारीतच मोजायला हवं.

सह्याद्रीच्या बातम्या वाचताना ‘किती वाघ आले’ एवढंच विचारू नका. दर चौरस किलोमीटरला भक्ष्य किती, गस्तीत किती फासे सापडले आणि मेलेल्या गुराची भरपाई शेतकऱ्याच्या हाती किती दिवसांत पडली, हेही वनखात्याला विचारा.