नोकरकपात आणि आपला रुग्ण

संगणक कंपन्यांतील नोकरकपात हा विषय आयुर्वेदाच्या त्रैमासिकात कशासाठी, असे काही वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पुण्याच्या हिंजवडीत एखाद्याची नोकरी जाते, तेव्हा त्याचे पडसाद चिखली, मेहकर, खामगाव येथील आपल्या चिकित्सालयांतही उमटतात. रुग्ण येतो तो निद्रानाश, आम्लपित्त, छातीतील धडधड अशा तक्रारी घेऊन. मूळ कारण तो सांगत नाही. पुष्कळदा रुग्ण अभियंता मुलगा नसतो, तर त्याचे आई-वडील असतात.

२००६ साली केंद्र शासनाने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत बुलडाणा होता. कापूस-सोयाबीनच्या अनिश्चिततेतून पुढची पिढी तरी सुटावी म्हणून अनेक कुटुंबांनी पदरमोड केली, प्रसंगी शेत विकले आणि मुलांना शिकविले. शेगावला १९८३ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाल्यामुळे ही वाट घराजवळ आली. संगणक क्षेत्रातील नोकरी म्हणजे पावसावर अवलंबून नसलेले पीक, अशी घरोघरी भावना झाली.

हे पीकही हुकमी नाही, हे २००१ आणि २००८-०९ च्या मंदीत दिसले होते. २०२२-२३ मध्ये अमेरिकेतील बड्या कंपन्यांनी हजारो कर्मचारी कमी केले. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मुख्यत्वे मधल्या व वरच्या श्रेणीतील लोक होते. गृहकर्ज, मुलांचे शिक्षण आणि गावाकडील आई-वडिलांचा औषधोपचार हे तिन्ही भार ज्या वयात खांद्यावर असतात, नेमके तेच हे वय होय.

शास्त्राची दृष्टी

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात तीन एषणा सांगितल्या आहेत. प्राणैषणेनंतर लगेच धनैषणा येते. उपजीविकेच्या साधनाविना दीर्घायुष्य हे त्यांच्या मते मोठेच पाप. म्हणून कृषी, पशुपालन, व्यापार, राजसेवा असे निर्वाहाचे मार्गही ते नमूद करतात. उपजीविकेचा प्रश्न आचार्यांनी आरोग्यविचाराबाहेरचा मानला नाही. याच अध्यायात सत्त्वावजय चिकित्साही सांगितली आहे. पंचविसाव्या अध्यायात रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे, तर चिकित्सास्थानात भयज व शोकज अतिसार स्वतंत्रपणे वर्णिले आहेत.

म्हणून निदान-पंचकातील हेतूचा शोध घेताना आहार-विहारापाशी थांबू नये. "घरी सर्व ठीक आहे ना? मुलाचे काम कसे चालले आहे?" हे दोन प्रश्न पुरेसे असतात. ते एकांतात विचारावेत. नातेवाइकांसमोर बहुधा उत्तर मिळत नाही. रात्रपाळी सुटली तरी रात्रिजागरण सुटत नाही, जेवणाच्या वेळा मोडतात, व्यायाम थांबतो आणि वातप्रकोप होतो. निश्चित वेळी उठणे, अभ्यंग, वेळेवर भोजन ही दिनचर्या येथे औषधाइतकीच महत्त्वाची. काम गेलेल्या माणसाच्या दिवसाला तिने पुन्हा आकार येतो.

औषधविक्रेत्यांसाठी

झोपेची गोळी मागणारा ग्राहक अनेकदा प्रथम दुकानात येतो. येथे सर्पगंधेविषयी विशेष सावधानता हवी. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांच्या शोधनिबंधाने ही वनस्पती रक्तदाबावरील औषध म्हणून जगभर ज्ञात झाली. मात्र तिच्यातील रेसरपीनमुळे खिन्नता वाढू शकते, हेही पुढे ध्यानात आले. नोकरी गेल्याने आधीच खचलेल्या व्यक्तीला केवळ झोप येत नाही म्हणून सर्पगंधायुक्त कल्प देणे धोक्याचे ठरू शकते. तिचे कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घेतले जावेत. अश्वगंधादेखील थायरॉइडची किंवा झोपेची आधुनिक औषधे घेणाऱ्यास विचारपूस न करता देऊ नये. महिनोन्महिने तेच औषध नेणाऱ्या ग्राहकास वैद्याकडे पाठविणे, हे विक्रीपेक्षा मोठे काम आहे.

जगण्यात अर्थ नाही, मी घराला भार झालो, असे उद्गार कानी आले तर तो काढा-चूर्णाचा विषय उरत नाही. असे विचार मनात येतात का, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने ते बळावत नाहीत. रुग्णास एकटे सोडू नये, कुटुंबीयांना विश्वासात घ्यावे आणि त्वरित मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. शासनाची १४४१६ ही टेली-मानस सेवा विनामूल्य असून अहोरात्र उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात व दुकानात ठळकपणे लावावा.

व्यवहारातील दोन गोष्टी

पहिली गोष्ट आरोग्यविम्याची. अनेक कंपन्यांच्या सामूहिक विम्यात आई-वडीलही समाविष्ट असतात आणि नोकरीबरोबर ते छत्रही जाते. मधुमेह, हृद्रोगाच्या वृद्ध रुग्णांना याची कल्पना द्यावी. विमा संपण्यापूर्वीच त्याच कंपनीच्या वैयक्तिक योजनेत जाता येईल का, याची चौकशी मुलाने करावी.

दुसरी गोष्ट राजीनाम्याची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, सलग वर्षभर सेवा झालेल्या कामगारास कपातीच्या वेळी प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई मिळते. व्यवस्थापकीय पदांना हे संरक्षण नाही. परंतु स्वेच्छेने राजीनामा दिल्याची नोंद झाली, तर कामगाराचाही दावा दुबळा होतो. तेव्हा दडपणाखाली स्वाक्षरी करण्यापूर्वी कायद्याच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा, एवढे सांगणे आपल्या हाती आहे.

नोकरी परत मिळवून देणे वैद्याच्या अधिकारात नाही. पण गावी परतलेल्या मुलाला "काय मोठा इंजिनिअर झाला होता!" असे हिणविणारा समाज आणि त्याला सन्मानाने बसवून घेणारा वैद्य, यांत फार मोठे अंतर आहे. नापिकीच्या वर्षी शेतकऱ्याच्या पाठीशी उभे राहण्याचे महत्त्व या जिल्ह्याने मोठी किंमत मोजून जाणले आहे. तोच आधार आता त्याच्या मुलालाही द्यावयाचा आहे.