काळा पडदा, दोन बाण आणि खोली नंबर ५९०१

रात्रीचे साडेअकरा. लांबच्या मशीनचा पडदा इथे दाखवणारं व्हीएनसी जोडलं, पासवर्ड चालला, खिडकी उघडली आणि आत मिट्ट काळोख. व्हर्च्युअल मशीन मेलं समजून मी ते रीस्टार्ट करायला निघाले होते. शेजारच्या सहकाऱ्याने थांबवलं आणि नुसती शिफ्ट दाबली. लॉगिनची ओळ समोर हजर! जुन्या लिनक्सचा टेक्स्ट कन्सोल दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की आपणच पडदा काळा करतो. नव्या कर्नलने ही सवय सोडली, पण जुनी मशीनं अजून कामावर आहेत. तेव्हा काळा पडदा दिसला की आधी शिफ्ट. शिफ्टच का? कारण तिने काहीच टाइप होत नाही. घाईने एंटर दाबलंत आणि पडद्यामागे ‘डिलीट करू का?’ असा प्रश्न ताटकळत असला तर?

जोडणीच होत नसेल तर एररचे शब्द नीट वाचा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आणि ‘टाइम्ड आउट’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिफ्यूज्ड म्हणजे तुम्ही इमारतीपर्यंत पोचलात, कडी वाजवलीत आणि ‘त्या खोलीत कुणी राहत नाही’ असं उत्तरही मिळालं. इथे बहुधा सर्व्हर सुरू नाही किंवा पोर्ट चुकलाय. टाइम्ड आउट म्हणजे उत्तरच नाही. पत्ता चुकलाय, मशीन बंद आहे किंवा फायरवॉलने तुमची हाक गुपचूप गिळलीय.

आणि खोली नंबर, म्हणजे पोर्ट? व्हीएनसीचा हिशेब सोपा आहे: ५९०० अधिक डिस्प्लेचा आकडा. डिस्प्ले १ म्हणजे ५९०१, डिस्प्ले २ म्हणजे ५९०२. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपची, म्हणजे आरडीपीची, खोली ३३८९. व्हर्च्युअलबॉक्सचा रिमोट डिस्प्लेही मुळात हाच ३३८९ मागतो. होस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन पोटात घेऊन चालणारा संगणक, विंडोजचा असेल आणि त्याचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप चालू असेल, तर एका खोलीवर दोन भाडेकरू. व्हर्च्युअल मशीनला दुसरा पोर्ट द्या, भांडण मिटतं.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. केव्हीएम-क्यूईएमयू या जोडीवर चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनचा व्हीएनसी पडदा मशीन स्वतः दाखवत नाही, तो होस्ट दाखवतो! म्हणून आत ऑपरेटिंग सिस्टिम नसली तरी बायोस दिसतो, गेस्टचं, म्हणजे आतल्या मशीनचं, नेटवर्क पार कोलमडलं तरी पडदा चालू राहतो. बिघडलेलं मशीन दुरुस्त करणाऱ्यासाठी हे वरदान आहे. पण आपण पत्ता टाकतो गेस्टचा आणि तासभर डोकं धरून बसतो. पत्ता होस्टचा हवा. तोही टाकला आणि तरी रिफ्यूज्ड? मग पडदा १२७.०.०.१ वर बसलेला असणार. ही मशीनं सांभाळणारं लिब्व्हर्ट मुळातच तो तिथे बसवतं, म्हणजे फक्त होस्टच्या आतूनच दिसतो. चिडून तो ०.०.०.० वर, म्हणजे साऱ्या जगाला उघडा करू नका. एसएसएचचं टनेल, म्हणजे सुरक्षित बोगदा, काढा आणि त्यातून या.

कारण जुन्या पद्धतीचा व्हीएनसी पासवर्ड फक्त आठ अक्षरं बघतो. तुम्ही बारा अक्षरांचा ठेवलात, तरी नववं अक्षर काहीही टाका, दार उघडतं! आरडीपी उघड्यावर ठेवणाऱ्यांनी २०१९ चं ब्लूकीप आठवावं. ते भगदाड इतकं धोकादायक होतं की मायक्रोसॉफ्टने कधीच निवृत्त झालेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला.

व्हीएनसी जन्मलं नव्वदच्या दशकात, इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या ऑलिव्हेट्टी प्रयोगशाळेत. ते घडवणाऱ्यांपैकी क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी त्याआधी, १९९१ मध्ये, केंब्रिज विद्यापीठातल्या कॉफीच्या भांड्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याचं चित्र आपल्या पडद्यावर आणणारा प्रोग्रॅम लिहिला होता. हेतू एकच: जिने चढून जावं आणि भांडं रिकामं निघावं, असं होऊ नये. लांबची वस्तू इथे बसून बघायची ही ओढ मला फार आवडते.

आता पुन्हा कामाकडे. लांबच्या मशीनसाठी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबलं की तुमचंच विंडोज दचकतं? आरडीपीत डिलीटऐवजी एंड दाबा, व्हीएनसीत मेनूतून पाठवा.

उरले दोन बाण. तुम्ही माउस हलवता, एक बाण तुमच्यासोबत येतो आणि दुसरा चार बोटं मागे राहून भलत्याच बटणावर जातो. पीएस/२ माउस फक्त ‘एवढा उजवीकडे, एवढा खाली’ इतकंच सांगतो. गेस्ट त्यात स्वतःचा वेग मिसळतो आणि हिशेब फिसकटतो. यूएसबी टॅब्लेट मात्र थेट जागा सांगतो, पडद्यावर नेमकं कुठे ते. म्हणून मशीनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टॅब्लेट’ हे उपकरण जोडा. खराखुरा टॅब्लेट विकत आणायचा नाही, तो नावापुरताच असतो. मशीन पुन्हा चालू केलं की दोन्ही बाण एकमेकांवर येऊन बसतात.