केकचा इसेन्स आणि आपली फुप्फुसे

आजच्या विषयाचे नाव ऐकून मंडळींपैकी काहींना वाटले असेल की, पिंपळगाव राजासारख्या कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या गावात हा शहरी विषय कशाला? व्हेप म्हणजे विजेवर चालणारी सिगारेट. ती आपल्या देशात २०१९ पासून कायद्याने बंद आहे. मग तिच्याविषयी बोलायचे काय? बोलायचे ते एवढ्यासाठीच की, तयार वस्तू दुकानात उघडपणे मिळेनाशी झाली म्हणजे ती घरी करून पाहण्याची बुद्धी माणसाला होते. शिवाय तिला लागणारा सुगंध व्हॅनिला, बटरस्कॉच, अननस अशा नावांच्या चिमुकल्या बाटल्यांतून किराणा दुकानात मांडलेलाच असतो. आपली मुले शिकायला खामगाव, अकोला, पुण्याला जातात, खोली घेऊन राहतात. तेथे कोणी सोबती म्हणतो, ‘अरे, हा तर केकमध्ये घालायचा इसेन्स, खाण्याचाच पदार्थ, त्याने काय होणार?’ प्रश्न वेडगळ नाही. त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. १९६३ साली अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट या गृहस्थाने तंबाखू व धूर नसलेल्या सिगारेटचे पेटंट मागितले आणि १९६५ साली ते त्याला मिळाले. सुगंधी, दमट, ऊन हवा ओढावी अशी त्याची कल्पना होती. ती तेव्हा बाजारात चालली नाही. पुढे २००३ च्या सुमारास होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने आजच्या धर्तीचे यंत्र तयार केले. त्यात एक लहान बॅटरी, एक तारेचे वेटोळे आणि द्रावाने भिजलेला कापूस असतो. तार तापली की द्रावाची वाफ होते आणि ती श्वासाबरोबर आत जाते. द्रावात मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल व ग्लिसरीन, त्यांत निकोटीन आणि वर सुगंध. यांतील पहिले दोन औषधांतही वापरतात आणि सुगंध स्वयंपाकघरातला. म्हणूनच हे सारे प्रकरण निरुपद्रवी वाटते.

आता शरीराकडे वळू. आपण जे गिळतो ते थेट रक्तात जात नाही. जठरातले आम्ल आणि आतड्यातले पाचकरस त्याचे तुकडे करतात, आणि आतड्यातून निघालेले रक्त सर्व अंगात फिरण्याआधी यकृताच्या नाक्यावरून जाते. पुष्कळशी विषे तेथेच निकामी होतात. फुप्फुसाला असे नाके नाही. तीस कोटींहून अधिक वायुकोश, त्यांचा पसारा सुमारे ७० चौरस मीटर, आणि हवा व रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ! प्राणवायू चटकन आत यावा म्हणून निसर्गाने हा पडदा असा ठेवला. त्या वाटेने आलेले दुसरे द्रव्यही तितक्याच चटकन आत येते, आणि येता येता पडद्यालाच इजा करू शकते.

हे समजायला प्रयोगशाळा नको. लाल मिरची आपण रोज खातो, पण फोडणीत ती जळली की घरभर ठसका लागतो. कढईतले तेल करपले की डोळे चुरचुरतात. त्याला कारण होणाऱ्या द्रव्यांत ॲक्रोलीन हे एक आहे, आणि व्हेपची तार वाजवीपेक्षा तापली तर ग्लिसरीनपासूनही तेच निघते. कापूस तर या मुलुखाचे धन. तो अंगावर घालावा, पण त्याची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली म्हणजे गिरणीकामगाराला बायसिनोसिस होतो. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी छाती आवळते, अशी त्याची खूण पूर्वीपासून सांगतात. पोळीचे पीठ घ्या. बेकरीवाल्यांना व गिरणीवाल्यांना पिठाच्या धुळीने दमा जडतो, हे इटालीच्या रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली छापलेल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. मिरची, तेल, कापूस, पीठ यांना कोणी विष म्हणणार नाही. त्यांची वाट तेवढी चुकली.

आता खुद्द इसेन्सची गोष्ट. लोण्याला जो खमंग वास असतो, त्यातला मोठा वाटा डायॲसिटिल नावाच्या द्रव्याचा. विरजणातले जंतू ते अत्यल्प प्रमाणात तयार करतात आणि आपण ते पिढ्यान्‌पिढ्या खात आलो आहोत. कारखान्यात तयार झालेले तेच द्रव्य लोणी, कस्टर्ड, बटरस्कॉच अशा स्वादांत घालतात. अमेरिकेच्या मिसूरी राज्यात जास्पर या गावी मक्याच्या लाह्यांचा कारखाना होता. २००० साली त्या कारखान्यातील आठ माजी कामगारांना फुप्फुसाचा एकच दुर्मिळ विकार झाल्याचे उघडकीस आले. श्वासनलिकांच्या अगदी बारीक फांद्या व्रणांनी बुजत जातात, आणि बुजलेली फांदी पुन्हा मोकळी होत नाही. त्यांतील काहींची नावे फुप्फुस बदलण्याच्या यादीत लागली होती. सरकारी तज्ज्ञांनी शोध घेतला तेव्हा बोट गेले ते लोण्याच्या स्वादाकडे. कढत तेलात तो मिसळणारे कामगार त्याची वाफ दिवसभर हुंगत होते. त्या लाह्या खाणाऱ्यांना मात्र या विकाराची बाधा नव्हती!

२०१५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हेपचे ५१ स्वाद तपासले, त्यांपैकी ३९ मध्ये डायॲसिटिल सापडले. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. व्हेप ओढणाऱ्यांत हा विकार सरसकट आढळतो असे नाही. परंतु केकच्या बाटलीत डायॲसिटिल किती, त्याच्या जागी घातलेले त्याचेच एखादे भावंड किती, हे त्या बाटलीवर लिहिलेले नसते, आणि घरी मिसळणाऱ्याजवळ ते मोजायचे साधन नसते.

बाकीच्या स्वादांचेही असेच. दालचिनीचा वास देणारे द्रव्य श्वासनलिकेतील केसाळ पेशींची हालचाल मंदावते, आणि कफ बाहेर ढकलण्याचे काम याच पेशींचे असते. व्हॅनिलाचा व्हॅनिलिन तर प्रोपिलीन ग्लायकॉलबरोबर बाटलीत नुसता राहूनही नवी संयुगे करतो, हे २०१८ साली दाखवले गेले. म्हणजे मिसळणाऱ्याने जे घातले तेच आत उरले असेही नाही. काही स्वाद तेलात कालवलेले असतात, चॉकलेटसाठी तसेच लागतात. हे सर्वांत वाईट. वायुकोशात गेलेले तेल तेथल्या भक्षक पेशी गिळतात, फुगतात, आणि एक प्रकारचा न्यूमोनिया होतो. आपल्याकडे तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना नाकात तेलाचे थेंब सोडण्याची जी चाल आहे, ती सोडा असे बालवैद्य सांगतात ते याच कारणाने. (आजीबाईंना हे पटवणे कायदा करण्यापेक्षा अवघड, हा भाग निराळा.)

२०१९ साली अमेरिकेत मोठी साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ दगावले. बहुतेकांनी गांजाचा अर्क घातलेला द्राव ओढला होता, आणि तो दाट दिसावा म्हणून त्यात ई जीवनसत्त्वाचे ॲसिटेट मिसळले होते. हे द्रव्य आपण गोळीतून गिळतो, मलमातून अंगाला लावतो. छातीत गेल्यावर त्याने जीव घेतले.

तेव्हा ‘खाद्य’ या शब्दाचा अर्थ काटेकोरपणे घेतला पाहिजे. ती पोटापुरती परवानगी आहे. अमेरिकेतील स्वाद बनवणाऱ्यांच्या संघटनेनेच जाहीर केले आहे की, आम्ही सुरक्षित म्हणतो ते खाण्यासाठी, श्वासात ओढण्यासाठी नव्हे. माल विकणाऱ्याने स्वतः सांगितलेली ही मर्यादा आम्हांला फार मोलाची वाटते.

कोणी म्हणेल, इंग्लंडात तर सिगारेट सोडायला व्हेप घ्या असे सरकारी आरोग्यखातेच सांगते. खरे आहे, आणि जळत्या तंबाखूपेक्षा त्यात अपाय कमी, हेही त्यांचे म्हणणे आहे. पण तो सल्ला सिगारेट ओढणाऱ्याला आहे, न ओढणाऱ्या पोराला नाही. आणि तेथील द्रावात डायॲसिटिल घालायला २०१६ पासून मनाई आहे, निकोटीनलाही मर्यादा आहे. खोलीवर अंदाजाने थेंब मोजणाऱ्याला यातले काहीच लागू पडत नाही.

निकोटीनविषयी दोनच शब्द. ते कातडीतूनही आत शिरते, आणि घट्ट द्राव पातळ करताना दशांश चिन्ह एक घर चुकले तर दसपट होते. २०१४ साली न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाचे मूल असा द्राव पोटात गेल्याने दगावले. गोड वासाची बाटली लहान मुलाला औषधासारखी वाटत नाही, खाऊसारखी वाटते.

आपल्याकडील कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांना पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. साठवणुकीस सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. ओढणाऱ्याला मात्र त्यात वेगळी शिक्षा नाही, आणि आमच्या मते ते योग्यच आहे, कारण ज्याला सवय लागली त्याला शिपाई नको, वैद्य हवा. तंबाखू वा निकोटीन सोडू पाहणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची मोफत दूरध्वनीसेवा आहे. तिचा क्रमांक १८००-११-२३५६.