प्लास्टर निघालं, धार कधी?

बेलापूर नावाचं रेल्वे स्टेशन बेलापुरात नाही, श्रीरामपुरात आहे. मनगटाच्या दुखण्याचंही असंच, नाव एक आणि ठिकाण भलतंच. दुचाकी घसरते, माणूस तळहातावर पडतो, घरचे म्हणतात, 'मुरगळलंय'. आंबेहळदीचा लेप लावतात, क्रेप बँडेज गुंडाळतात. साध्या एक्स-रेत हाड शाबूत दिसतं, मग सगळेच निर्धास्त.

मनगटात ८ छोटी हाडं. त्यातलं नावेसारखं स्कॅफॉइड आणि चंद्रकोरीसारखं ल्युनेट यांना एका लिगामेंटने बांधलेलं असतं. ते पूर्ण तुटलं की दोघांत फट पडते आणि बऱ्याचदा मूठ आवळून काढलेल्या एक्स-रेतच ती उघडी पडते. पहिल्या काही आठवड्यांत कळलं तर तुटलेलं शिवता येतं. महिने उलटले की बहुतेकदा स्नायूची दोरी वळवून नवा बंध करावा लागतो.

शस्त्रक्रियेनंतर टाके दोनेक आठवड्यांत निघतात, हाडांत घातलेल्या तारा आणि प्लास्टर साधारण दोन महिन्यांनी. मग घरात सगळ्यांना वाटतं, सुटला हात! प्रत्यक्षात मनगट लाकडासारखं ताठ असतं. चहाचा कप उचलतो, पण ओला टॉवेल पिळवत नाही. हात टेकून उठायचं तर दुसरा हात पुढे येतो. म्हशीची धार तर फार लांब. मूठ आवळायची, सोडायची, पुन्हा आवळायची, बादली भरेपर्यंत. जड कामाला सहा महिने सहज लागतात, कित्येकदा वर्ष.

सानिया मिर्झाच्या मनगटावर २००८ मध्ये शस्त्रक्रिया झाली, फेब्रुवारी २००९ मध्ये तिने ऑस्ट्रेलियन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली. पण व्यायाम हेच खेळाडूचं काम. इथे म्हैस दिवसातून दोनदा रेकते, म्हणून व्यायाम सुटतो आणि खरा घोळ तिथेच होतो.

पुढे बहुतेकांचं दुखणं उतरतं. मुठीची ताकद मात्र बऱ्याचदा दुसऱ्या हाताच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास थांबते, मनगट पहिल्याइतकं वाकत नाही, थंडीत ठणकतं. काही वर्षांनी एक्स-रेत झीज दिसली, तरी अनेकांची काही तक्रार नसते. अशा वेळी मी एक्स-रेपेक्षा बादलीवर विश्वास ठेवीन.

पडून दोन आठवडे झाले आणि मूठ आवळताना मनगटाच्या वरच्या बाजूला अजून कळ येत असेल, तर लेप पुरे. हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि मूठ आवळून एक्स-रे काढायचा का, हे विचारा.