अठ्ठेचाळीस मतांचा निकाल

मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघातून १९७७ आणि १९८० साली राम जेठमलानी निवडून आले. १९८४ साली त्यांना हरवून सुनील दत्त खासदार झाले आणि पुढे एकूण पाच वेळा जिंकले. आज या मतदारसंघात जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा आणि अंधेरी पूर्व-पश्चिम हे भाग येतात.

२०२४ साली येथे रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६ मते मिळाली. फरक अवघा ४८! मतदान यंत्रांच्या मोजणीत कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांनी निकाल फिरवला.

४८ मते म्हणजे आपल्या मोहल्ल्यातील दहा-बारा घरे. खोली बदलली, पण यादीत पत्ता जुनाच. सून नांदायला आली, पण नाव माहेरीच. मुलगी अठरा वर्षांची झाली, पण अर्जच भरला नाही. अशी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो. हे काम निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता करावे.

साक्ष लपवू नये, ही कुरआनची शिकवण आहे. मत हीसुद्धा साक्षच, असे आम्ही मानतो. ती कोणाच्या बाजूने द्यायची, हे ज्याने-त्याने ठरवावे. पण यादीत नावच नसेल, तर साक्ष देणार कशी?