आठ कोरडे महिने

मे महिना सरत आला, एखादा वळीव पडून गेला, की मुंबईच्या भाजीबाजारात शेवळं दिसू लागतात. ठाणे-पालघर-रायगडच्या डोंगरपट्ट्यातून आलेल्या बायका ती जुड्या बांधून पुढ्यात मांडतात. तपकिरी-जांभळट, टोकाशी निमुळती, ही भाजी आहे असं नवख्याला सांगूनही पटणार नाही. बाजूला काकडाच्या आंबट हिरव्या फळांचा वाटा असतोच, कारण त्यांच्याशिवाय शिजवली तर शेवळं घसा खाजवून काढतात. दोन-तीन आठवड्यांत हा माल संपतो आणि वर्षभर पुन्हा त्याचं दर्शन नाही.

आपण खातो तो त्या झाडाचा फुलोरा. पान अजून यायचं असतं. गेल्या पावसाळ्यात छत्रीसारख्या एकुलत्या एका पानानं जे अन्न तयार केलं ते जमिनीखालच्या कंदात गेलं, पान वाळलं, आणि नंतरच्या लांबलचक उघडिपीत त्या जागी झाड असल्याची खूणही उरली नाही. आता खरा पाऊस सुरू व्हायच्या आतच कंद आपली शिल्लक मोडून फुलोरा वर पाठवतो. फुलणं आधी उरकलं, की पावसाळ्याचा प्रत्येक दिवस पानाला अन्न साठवायला मोकळा. वर्षाचे चार महिने कमवायचं आणि आठ महिने पुरवायचं, हा त्या कंदाचा हिशेब आहे. सह्याद्रीत वाढणाऱ्या जवळजवळ प्रत्येक झाडाला हा हिशेब कुठल्या ना कुठल्या रीतीनं सोडवावा लागलेला आहे.

आपण पावसाचं मोजमाप बेरजेनं करतो. कुठे किती मिलिमीटर पडला, गेल्या वर्षीपेक्षा कमी की जास्त. झाडाला मात्र ही बेरीज फारशी कळत नाही. त्याला कळतं ते दोन पावसांमधलं अंतर. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिरुअनंतपुरमला जेमतेम अठराशेच्या आसपास. नुसत्या आकड्यावर जायचं तर उंच, घनदाट वर्षावन महाबळेश्वरला असायला हवं. प्रत्यक्षात महाबळेश्वरचं जंगल बुटकं आहे. अंजनी, जांभूळ, पिसा ही तिथली मुख्य झाडं, फांद्या वेड्यावाकड्या, खोडांवर शेवाळ्याचे थर. दक्षिण केरळच्या डोंगरांत मात्र चाळीस मीटर उंचीची झाडं माथ्यावर छत धरून उभी असतात. कारण तिथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस येतो, एप्रिल-मे मध्ये वळवाच्या सरी येतात, आणि खऱ्या अर्थानं कोरडे म्हणावेत असे महिने दोन-तीनच उरतात. महाबळेश्वरचं सगळं पाणी चार महिन्यांत धबाधबा कोसळून कड्यांवरून खाली निघून जातं. पुढचे सात-आठ महिने त्या झाडांनी पातळ मातीत काय उरलंय त्यावर काढायचे.

पुद्दुचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ ज्याँ-पियेर पास्काल यांनी पश्चिम घाटातल्या सदाहरित वनांचा सविस्तर अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९८८ साली आलं. त्यांच्या मांडणीत दोन चढउतार महत्त्वाचे आहेत: डोंगर चढताना कमी होत जाणारं तापमान, आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे येताना वाढत जाणारा कोरडा काळ. केरळातून निघून कर्नाटक, गोवा, सिंधुदुर्ग असं वर येत राहिलं की एकेक वृक्षजाती मागे थांबत जाते. वाटेत पाऊस कमी झालेला नसतो. आगुंबे आणि आंबोली ही दोन्ही ठिकाणं सात हजार मिलिमीटरच्या घरातली आहेत. वाढलेले असतात ते कोरडे महिने. प्रत्येक जातीच्या सहनशक्तीची हद्द त्या वाटेवर कुठेतरी संपते.

पूर्वेकडे उतरताना हाच फरक इतका झपाट्यानं घडतो की एसटीच्या खिडकीतूनही तो दिसतो. महाबळेश्वरहून निघावं, पाचगणीत पाऊस दोन हजारांच्या आसपास आलेला असतो, पसरणीचा घाट उतरून वाईत पोचलं की हजाराच्या आत. सारा प्रवास तीस-बत्तीस किलोमीटरचा. वर अंजनी-जांभळाची ओली सावली, खाली येईपर्यंत बाभूळ, बोर, आणि पुढे माणदेशाकडे वळलं तर हिवर. अंजनीवरून आठवलं. महाबळेश्वरची अंजनी आणि खानदेशातला अंजन यांत नावापुरतंच साम्य. अंजनी निळ्या फुलांची, कायम हिरवी, धुक्यात वाढणारी. अंजन खडकाळ, तापलेल्या टेकड्यांवरचा. त्याची मुळं कातळाच्या भेगांतून खोल जातात आणि पानांच्या जोड्या उन्हाळ्यात गळून पडतात. ही दोन झाडं शेजारी उभी असलेली मी कधी पाहिली नाहीत, आणि त्यांच्या गरजा पाहता पाहायला मिळतील असंही वाटत नाही.

ओल्या आणि कोरड्या जंगलांची ही वाटणी कायमची नव्हती. सुरत जिल्ह्यात वस्तान नावाची लिग्नाइटची खाण आहे. आज त्या भागात सागाची पानगळीची जंगलं आणि शेतं. पण खाणीतल्या सुमारे पाच कोटी वर्षं जुन्या थरांत अंबर सापडतो, म्हणजे झाडाची अश्मीभूत झालेली राळ, आणि त्यात अडकलेले किडे, मुंग्या, कोळी आजही पाय पसरलेल्या अवस्थेत दिसतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, ज्यात लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे शास्त्रज्ञही होते, ही राळ डिप्टेरोकार्प कुळातल्या झाडांची असल्याचं दाखवून दिलं गेलं. आग्नेय आशियातल्या वर्षावनांचे राजे म्हणावेत असे हे वृक्ष. तेव्हा भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या जवळ होता, आशियाला नुकता भिडत होता, आणि आजच्या गुजरातवर बारमाही ओलं जंगल उभं होतं.

पुढे भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला. हिमालय उठला, मोसमी वाऱ्यांना जोर आला आणि पाऊस वर्षाच्या एका तुकड्यात गोळा होऊ लागला. सुमारे सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वीच्या शिवालिक टेकड्यांच्या मातीत कार्बनची खूण बदललेली आढळते. उष्ण, ऋतुबद्ध हवामानात जोमानं वाढणारी गवतं तेव्हा जंगलांची जागा घेत होती. पश्चिम भारतातलं ओलं जंगल मागे हटत हटत दक्षिणेच्या घाटांपर्यंत जाऊन थांबलं. काही वंश बदलले. मध्य भारतातला साल त्याच डिप्टेरोकार्प कुळातला, पण त्यानं लांब उन्हाळा अंगी लावून घेतला.

आणि काही जण जुन्याच सवयीनिशी एखाद्या घडीत लपून राहिले. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथे एका देवराईत रानजायफळाची दलदल आहे. गोव्यात सत्तरी तालुक्यात, बांबरच्या निरंकाराच्या राईतही अशीच एक. जायफळाच्या कुळातली ही झाडं पाण्यात उभी असतात. चिखलात हवा मिळत नाही म्हणून त्यांची मुळं गुडघ्यासारखी वाकून पाण्याबाहेर डोकावतात आणि श्वास घेतात. आठ महिने पाऊस नसणाऱ्या प्रदेशात ती टिकली त्याचं कारण साधं आहे. खालून येणारा झरा तिथे बारमाही वाहतो. आजूबाजूच्या हवामानानं नाकारलेलं झाड झऱ्याच्या त्या एवढ्याशा तुकड्यात पाच कोटी वर्षांपूर्वीसारखंच ओलं जगतं. देवाची म्हणून कुऱ्हाड लागली नाही, म्हणून तो तुकडा उरला. राज्य सरकारनं बांबर्ड्याच्या या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला, ही मला मनापासून समाधान देणारी गोष्ट वाटते. पण झरा आटला तर दर्जा त्या झाडांना पाणी पाजू शकणार नाही.

इथवरची कहाणी गमावण्याची आहे. उत्तर सह्याद्रीत मोठे वर्षावृक्ष कमी, म्हणून हा भाग दक्षिणेपेक्षा गरीब, असं पूर्वी अनेकदा गृहीत धरलं जाई. झाडांकडून नजर काढून पायाखाली पाहिलं की हे मत टिकत नाही. दक्षिणेत फक्त तिथेच आढळणारे वृक्ष पुष्कळ आहेत, आणि इथे फक्त इथेच आढळणाऱ्या छोट्या वनस्पती. त्या कोरड्या महिन्यांनी घडवल्या.

त्यांचं घर म्हणजे सडा. जांभा दगडाचा हा सपाट माथा स्वतःच हवामानाची निर्मिती आहे. ओलं आणि कोरडं आलटून पालटून लाखो वर्षं चाललं, पावसानं काळ्या बेसॉल्टमधली सिलिका धुऊन नेली आणि लोह-ॲल्युमिनियमचं तांबूस, सच्छिद्र कवच मागे राहिलं. त्यावर माती बोटभर, कुठे तेवढीही नाही. मे महिन्यात कासच्या सड्यावर गेलं तर चपलेतून चटका बसतो आणि जळक्या गवताखेरीज काही दिसत नाही. जुलैत त्याच खडकावर घोट्याएवढं पाणी उभं असतं. सप्टेंबरात गेंद, तेरडा, सोनकी, कवला यांचे गालिचे. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, साधारण बाराशे मीटर उंचीवर असलेल्या या पठारावर साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पती नोंदलेल्या आहेत. पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, त्या ३९ ठिकाणांत कास आहे.

गर्दी फुलांचे फोटो काढते आणि घरी जाते. मला त्या फुलांची जगण्याची रीत त्यांच्या रंगांहून जास्त भुरळ घालते. पावसानं सतत धुतलेल्या या खडकावर नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतंच, म्हणून सीतेची आसवं नावाची नाजूक निळी-जांभळी वनस्पती ते प्राण्यांकडून मिळवते. पाण्याखाली तिच्या देठांवर मोहरीहून बारीक पिशव्या असतात. आतलं पाणी बाहेर टाकून त्या ताणलेल्या ठेवलेल्या असतात, सूक्ष्म जीवाचा केसाला धक्का लागला की झडप उघडते आणि तो आत खेचला जातो. शेजारीच दवबिंदू आपल्या चिकट केसांवर माशा धरून ठेवतो. पाणी आटलं की दोन्ही मरतात, पण तोवर बी पडून गेलेलं असतं.

दुसरी रीत याहून विलक्षण आहे: मरायचंच नाही, नुसतं वाळायचं. सड्यावरची काही गवतं, नेचे आणि इतर वनस्पती अंगातलं पंचाण्णव टक्क्यांपर्यंत पाणी गमावूनही जिवंत राहतात. काडी चुरगाळली तर तिचा भुगा होईल अशी दिसते, आणि पहिल्या पावसानंतर काही तासांत तेच पान हिरवं होऊन सरळ उभं राहतं. नवीन पान फुटत नाही, जुनंच परत येतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ साली पश्चिम घाटातून अशा ६२ जातींची नोंद केली. त्याआधी ठाऊक असलेल्यांची संख्या नऊ होती. ज्या सड्यांना कागदोपत्री पडीक म्हणतात, तिथे हे सगळं वर्षानुवर्षं चाललं होतं.

तिसरी रीत शेवळांची, म्हणजे कंदाची. कंदीलपुष्प हे तिचं सर्वांत देखणं रूप. धनगरांची पोरं ज्याला खरपुडी म्हणून उकरून खात आली तो हाच कंद. फूल उंच नळीसारखं, वर पाकळ्यांच्या टोकांचा पिंजरा. आत शिरलेल्या चिमुकल्या माशीला खाली वळलेले केस परत येऊ देत नाहीत. परागांचं काम होईतो तिला कैद, मग केस सुकतात आणि सुटका. या प्रजातीची पुष्कळ भावंडं आफ्रिकेत आहेत, पण सह्याद्रीत तिच्या कितीतरी जाती एखाद-दोन डोंगरांपुरत्या मर्यादित आहेत. प्रत्येक माथा दऱ्यांनी वेढलेलं एक बेटच असतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव यांनी या वनस्पतींवर आयुष्यभर काम केलं, दुर्मीळ जाती बागेत वाढवून त्या पुन्हा डोंगरावर नेल्या. माथ्यावरचं ते बेट बुडालं तर दुसरीकडून बी येणार नाही, हे त्या कामामागचं कारण.

पण मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते शिंदळ माकुडीनं. मुंबई इलाख्याचे वनाधिकारी निकोल डॅल्झेल यांनी जुन्नरच्या बाजूनं मिळालेल्या या वनस्पतीचं वर्णन १८६०च्या दशकात केलं आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव तिला दिलं. शिवनेरी, सज्जनगड, महाबळेश्वर, रंधा धबधबा अशा मोजक्या जागी, कड्यांच्या कपारीत ती लोंबते, बहुधा शेळीचं तोंड पोचत नाही तिथेच. खोड बोटाएवढं जाड, पाण्यानं भरलेलं. पावसाळ्यात त्यावर चांगली रुंद पानं येतात आणि चांदणीसारखी गडद तांबडी फुलं, पिवळ्या ठिपक्यांची. तिचे जवळचे नातलग आफ्रिका, अरबस्तान आणि भारताच्या रुक्ष भागांत पसरलेले आहेत आणि ते जवळजवळ बिनपानांचे, निवडुंगासारखे. एकेकाळी तिला स्वतंत्र प्रजातीचा मान होता. आता अनेक अभ्यासक तिला बूसेरोशिया या बिनपानांच्या गटातच घालतात. याचा सरळ अर्थ असा निघतो, की तिच्या पूर्वजांनी वाळवंटी उन्हात पानं टाकून दिली होती, आणि सह्याद्रीच्या चार महिन्यांच्या पावसात या एका वंशानं ती परत घेतली. खोड मात्र सोडलं नाही. पान पावसाचं, खोड उन्हाळ्याचं. रानजायफळ मलय बाजूच्या ओल्या जगातलं आणि माकुडी अरबी बाजूच्या कोरड्या जगातली, आणि दोघांना जवळपास एकाच डोंगररांगेनं सांभाळलंय.

आता हेच कोरडे महिने हलू लागलेत. २०२५ साली मान्सून मुंबईत २६ मे रोजी पोचला. त्याची नेहमीची तारीख ११ जून. पाऊस लवकर आला तर झाडांना बरंच, असं सहज वाटतं. सड्याच्या बाबतीत मला ते खरं वाटत नाही. सडा उघडा राहतो तो उन्हाळा तिथे रुजलेली झुडपं मारून टाकतो म्हणून. एप्रिल-मेचा ताप तुटला तर उंच गवतं आणि झुडपं वर चढतील, आणि बोटभर उंचीच्या आसवांना, गेंदांना ऊन मिळेनासं होईल. अवकाळी पावसानं जागा झालेला कंद शिल्लक खर्चून बसतो आणि पुढे महिनाभर कोरडा गेला तर दुसऱ्यांदा उठायला त्याच्याकडे काही नसतं. हिमालयातली वनस्पती तापमान वाढलं तर आणखी वर सरकू शकते. आपला सर्वोच्च कळसूबाई १,६४६ मीटरवर थांबतो, आणि सडे तर माथ्यावरच सपाट आहेत. त्यांच्या वर फक्त आकाश आहे.

शिवनेरीच्या कड्याखालून मी मे महिन्यात ती माकुडी पाहिली आहे. पानं नव्हती. खोड सुरकुतलेलं, धुळीच्या रंगाचं, आणि त्यावर ओळीनं गेल्या पावसाळ्यातल्या पानांचे वण.